धानी, फझ लावून

माझा सोलो संपला तेव्हा मला वाटलं, आज जमलं. शेवटची जागा तर मी आठवडाभर घोटली होती. गिटारवाल्याने हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "सुंदर होतं. पण कोण गेलं?"

सगळे हसले, मीही हसले. ड्रमरच्या गॅरेजमध्ये तालीम होती. ऑस्टिनमधला ऑक्टोबर, म्हणजे पंखा लावूनही घाम. घरी येताना मात्र प्रत्येक सिग्नलला ते वाक्य आठवत होतं, कारण त्याचं बरोबर होतं. गाणं होतं ठोक्याचं, मोकळ्या रस्त्यावर गाडी सोडल्यासारखं, आणि मी त्यावर सुतक धरून बसले होते.

मी वाजवते ते पेडल स्टील, म्हणजे पोलादी दांडा आणि पायातली पेडलं वापरून वाजवायची आडवी गिटार. त्याची ही खोडच आहे. हातात घेतलं की ते रडतं. (हातात म्हणणं चूकच. ते चार पायांवर उभं असतं आणि आपण त्याच्यापुढे बसतो, आई शिलाई मशीनपुढे बसायची तसं.)

बाबा मिरज जंक्शनला रेल्वेत होते आणि हवाईयन गिटार वाजवायचे. मांडीवर आडवी, तारा उंच. त्यासाठी तिचा नट (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) मिरजेतल्याच एका सतारमेकरांनी हाडाचा करून बसवला होता. डाव्या हातातला पोलादी दांडा लोको शेडमधल्या लेथवर कातून घेतलेला. गणपतीत ऑर्केस्ट्रात सिनेमाची गाणी वाजवायची आणि वर्षभर संध्याकाळी घरी राग घोळवायचे. रेडिओवर व्हॅन शिपले किंवा हजारा सिंग हे गिटारवाले लागले की आम्हाला बोलायची बंदी. मी त्या गिटारला फार हात लावला नाही. मी तानपुरा जुळवायला बसायचे, कारण बाबांच्या मते माझा कान बरा होता. "गळा नाही पण कान आहे," असं ते पाहुण्यांसमोर सांगायचे, आणि आई त्यांच्याकडे रागाने बघायची.

पुढे नोकरीच्या निमित्ताने टेक्सासला आले, आणि वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी एका डान्स हॉलमध्ये पहिल्यांदा पेडल स्टील समोरून बघितलं. त्याच रात्री बाबांना व्हिडिओ पाठवला. त्यांनी तो चार वेळा बघितला असणार, कारण सकाळी फोन आला तो थेट मुद्द्यावर: "अगं, याचा बार हलत नाहीये आणि सूर चालतोय. हे कसं?"

बाबांच्या दांड्याची अडचण हीच होती. दांडा सरकवला की सगळ्या तारा बरोबर सरकतात. पेडल स्टीलमध्ये दांडा जागच्या जागी धरून पायाने पेडल दाबलं की ठरलेल्या तारा चढतात, बाकीच्या तशाच राहतात. नॅशव्हिल म्हणजे अमेरिकन कंट्री संगीताचं गाव. तिथल्या ई-नाइन नावाच्या जुळणीत दहा तारा. बी पेडलने गंधार चढून मध्यम होतो, ए पेडलने पंचम चढून धैवत. षड्ज मध्ये खांबासारखा उभाच. १९५३ च्या अखेरीस बड आयझॅक्सने वेब पिअर्सच्या एका गाण्यात सूर वाजत असतानाच पेडल दाबून ही मींड, म्हणजे एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाणं, सगळ्यांना ऐकू जाईल अशी घेतली. १९५४ मध्ये ते गाणं गाजलं आणि बाकीचे स्टीलवाले आपापल्या गिटारांना दांड्या न् तारा जोडायच्या खटपटीला लागले. बाबांना हे सगळं सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे पायानं मींड. भारीच की गं."

आता गंमत अशी, की दोन्ही पेडलं दाबून सूर छेडायचा आणि मग पेडलं हळूच सोडायची, हे पहिल्याच महिन्यात जमतं. आणि ते इतकं गोड लागतं की माणूस त्यातून बाहेर पडत नाही. मला ज्यांनी शिकवलं ते मास्तर (मी त्यांना मनात मास्तरच म्हणते, तोंडावर पहिल्या नावाने) सत्तरी ओलांडलेले, सगळा जन्म डान्स हॉलमध्ये शफल आणि वॉल्ट्झ हे नाचाचे ठेके वाजवण्यात गेलेला. त्यांच्याकडे मी दाबायचं, सोडायचं, हुंदका द्यायचा, हे सगळं शिकले. त्या संगीतात ते शोभतं. रॉकच्या ड्रमवर मात्र तेच म्हणजे लग्नाच्या वरातीत कुणीतरी करुण सनई लावावी तसं.

मग मी त्या तालमीनंतर घरी बसून जुनी रेकॉर्डिंग्ज नव्याने ऐकायला घेतली. कंट्री रॉकची सुरुवात म्हणून सगळे बर्ड्स या बँडच्या १९६८ च्या 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ'कडे बोट दाखवतात. त्यात दोन स्टीलवाले, नॅशव्हिलचा लॉइड ग्रीन आणि कॅलिफोर्नियाचा जेडी मेनेस. ग्रीननेच सांगितलेला किस्सा आहे, की त्याने बँडला विचारलं मी नेमकं कुठे कुठे वाजवू, आणि उत्तर आलं, सगळीकडे. नॅशव्हिलमध्ये असं कुणी म्हणत नसे. तिथे गायकाच्या वाटेत यायचं नाही हा पहिला नियम. ग्रीन सगळीकडे वाजवतोही, पण ऐका, त्याचा प्रत्येक सूर ठोक्यावर टाचणीसारखा टोचलेला आहे. रेंगाळणं नाही.

माझा खरा माणूस मात्र स्नीकी पीट क्लाइनो. फ्लाइंग बरिटो ब्रदर्स या बँडचा. हा पोटासाठी अ‍ॅनिमेशनचं काम करायचा, गंबी नावाच्या मातीच्या बाहुल्याला एकेका चित्रासाठी केसभर हलवायचं, ते काम. १९६९ च्या 'द गिल्डेड पॅलेस ऑफ सिन'च्या कव्हरवर चौघांनीही भरतकामाचे भडक कपडे घातलेत. एकाच्या कोटावर गांजाची पानं, आणि या पठ्ठ्याच्या अंगावर टेरोडॅक्टिल, डायनासोरांच्या काळातला उडता प्राणी. त्याच्याकडे नॅशव्हिलची दहा तारांची ई-नाइन नव्हतीच. फेंडरची आठ तारांची, जुळणी वेगळी. त्यामुळे नॅशव्हिलचे तयार हुंदके त्याच्या हातात आपसूक आलेच नसावेत, असा माझा तर्क. त्याने स्टील फझमध्ये, म्हणजे सूर मुद्दाम फाडून खरखरीत करणाऱ्या डबीत, घातलं. 'क्रिस्टीन्स ट्यून'मध्ये ते ऐकताना पहिल्यांदा मला वाटलं होतं, ही बिघडलेली इलेक्ट्रिक गिटार आहे. मग सूर असा काही सरकतो, की गिटारवर बोटाने तार ओढून तो होणं शक्य नाही, आणि लक्षात येतं.

पोको बँडचा रस्टी यंग तर स्टील लेस्ली स्पीकरमधून वाजवायचा, तो फिरता स्पीकर जो हॅमंड ऑर्गनला लावतात. लोकांना ऑर्गनच वाटायचा. आणि दुसऱ्या टोकाला बेन कीथ. नील यंगच्या १९७२ च्या 'हार्वेस्ट'मध्ये तो इतकं कमी वाजवतो की पहिल्यांदा माझी चिडचिड झाली होती. एक लांब सूर, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. मी एका संध्याकाळी वही घेऊन त्याच्या पहिल्याच गाण्यातले सूर मोजायला बसले आणि अर्ध्यात सोडून दिलं, कारण मोजायला फार काही नव्हतंच. तेवढ्या वेळात मी सोलोत किती सूर कोंबते त्याचा हिशेब मात्र झाला.

ग्रेटफुल डेड बँडच्या जेरी गार्सियाचं नाव घेतलं नाही तर कुणीतरी रागावेल. 'टीच युअर चिल्ड्रन'मधलं स्टील त्याचं. तेव्हा तो हे वाद्य नुकतंच शिकत होता. ते गाणं मला प्रिय आहे, पण तो गोडवाच. माझा आजार तोच होता, त्यावर तेच औषध कशाला.

तर नोव्हेंबरभर मी उलटं शिकले. आधी फझ लावून साध्या तीन तारा छेडल्या. नुसता चिखल. कारण असं, की दोन सूर एकत्र फझमधून गेले की त्यांच्या फरकाचा एक तिसरा सूर आपोआप तयार होतो. षड्ज-पंचम असेल तर तो तिसरा सूर म्हणजे खालच्या सप्तकातला षड्ज. छान, बुंध्याला जोर येतो. पण गंधार मिसळला की तिसरा सूर कुठेतरी भलतीकडे पडतो आणि घरघर सुरू होते. गंधार ट्यूनरच्या काट्यावर लावला असेल तर हे जास्तच. शुद्ध, तानपुऱ्यातून आपोआप उमटतो तो गंधार पियानोच्या गंधारापेक्षा जवळजवळ १४ सेंट (अर्ध्या सुराचे शंभर सेंट) खाली असतो. तसा कानाने उतरवून लावला की तिसरा सूरही षड्जाचाच निघतो, फक्त दोन सप्तकं खाली, आणि घरघर थांबते. स्टीलवाले पूर्वीपासून गंधाराच्या तारा उतरवूनच लावतात. मास्तरांनी मला आकडे लिहून दिले होते. मला त्या कागदाची गरज पडली नाही याचा त्यांना थोडा राग आला होता. लहानपणी रोज संध्याकाळी तानपुरा जुळवण्याचा एवढा एक फायदा मला अमेरिकेत मिळाला.

तरीही, तीन सूर नकोतच. दोन पुरे. बऱ्याचदा एकच.

दुसरी भानगड उजव्या पायाची. उजवा पाय व्हॉल्यूम पेडलवर असतो. कंट्रीत सूर छेडताना पेडल अर्धवट दाबलेलं ठेवायचं आणि सूर विरायला लागला की हळूहळू पुढे दाबत जायचं, म्हणजे तो लांबतो. हे इतकं अंगात भिनलेलं असतं की पाय आपला आपण चालतो. पण फझ सूर स्वतःच लांबवतो, आणि पायाच्या या सवयीने सुरुवातीचा दणका नाहीसा होतो. रॉकमध्ये दणकाच तर हवा. मी आठ दिवस पायातली चप्पल काढून तिच्यावरच टाच टेकवून बसायचे, पाय हलला की कळावं म्हणून. पेडल आता फझनंतर आणि एकोच्या आधी जोडलंय. आवाज कमी केला तरी सुराचा खरखरीतपणा तोच राहतो, आणि एकोची शेपूट मध्येच कापली जात नाही.

तिसरी, तारा बंद करण्याची. दहा तारा, आणि आपण वाजवतो एक. उरलेल्या नऊ गप्प बसवायच्या. स्वच्छ आवाजात थोडं इकडेतिकडे चालून जातं. फझमध्ये एक तार जरी मोकळी राहिली तरी ती बाजारात हरवलेल्या पोरासारखी भोकाड पसरते. उजव्या तळव्याची करंगळीकडची कड तारांवर टेकवायची, सूर छेडताना उचलायची, लगेच परत टेकवायची. डाव्या हाताची बोटं दांड्याच्या मागे तारांवर आडवी ठेवायची. बाबांना हे सांगायची गरज नव्हती, ते सगळं आयुष्य तेच करत आले. मी मात्र स्वच्छ आवाजाच्या आश्रयाने आठ वर्षं आळस केला होता, तो दोन दिवसांत उघडा पडला.

आणि एक अगदी साधी गोष्ट, जी मला कुणीच सांगितली नव्हती. स्टीलवाले आपल्या अँपवर ८०० हर्ट्झच्या आसपासचा मधला आवाज कापून टाकतात. त्याने वाद्य एकटं वाजताना रेशमासारखं लागतं. पण दोन गिटारी आणि झांजा सुरू झाल्या की ते रेशीम कुठे गेलं ते शोधावं लागतं. मी वर्षानुवर्षं आवाज वाढवत होते, आणि बँडवाले वर्षानुवर्षं म्हणत होते, तू ऐकू येत नाहीस. ते बटण पुन्हा मधोमध आणलं. खोलीत एकटीने वाजवलं तर नाकातून बोलल्यासारखं येतं. बँडमध्ये बरोबर बसतं.

हे सगळं झालं तरी वाजवायचं काय, हा प्रश्न होताच. रडायचं नाही म्हटलं की माझ्याकडे दुसरं काय होतं? गिटारसारखा खालच्या तारांवर दणदणाट करावा तर ई-नाइनला तेवढा खर्ज नसतो. सगळ्यात जाड तार बी ची, गिटारच्या सगळ्यात जाड तारेपेक्षा बरीच वर. तिथे गिटारवाल्याशी भांडण्यात अर्थ नाही.

आमचं ते गाणं जी मध्ये आहे. पेडलं न दाबता जी चं घर तिसऱ्या फ्रेटवर, म्हणजे तारांखालच्या तिसऱ्या खुणेवर. मी तिथेच राहायचे, कारण शेजारपाजार ओळखीचा. एका रात्री, मुलगा झोपल्यावर, हेडफोन लावून बसले होते आणि दांडा चुकून सहाव्या फ्रेटवर गेला. सातवी तार वाजली, मग आठवी, मग ए पेडल दाबून पाचवी. म, कोमल ग, सा. हात थांबला. सहावी वाजवून बघितली, पंचम. पाचवी पेडल न दाबता, कोमल निषाद. दांडा न हलवता सा, कोमल ग, म, प, कोमल नि. मी एकटीच अंधारात हसले असणार, कारण हा धानी राग होता. बाबांचा आठवड्यातून तीन संध्याकाळी वाजणारा धानी. गिटारवाला ज्याला मायनर पेंटॅटॉनिक म्हणतो तो, आणि अख्खं रॉक ज्याच्यावर उभं आहे.

त्याहून पुढची गोष्ट डाव्या गुडघ्यात होती. गुडघा डावीकडे दाबला की एक लिव्हर ई च्या तारा अर्ध्या सुराने चढवतो. सहाव्या फ्रेटवर त्या तारा म्हणजे कोमल गंधार. गुडघा दाबला, शुद्ध गंधार. मध्ये कुठेतरी, अर्धा दाबून धरला की ब्लूजवाले ज्याच्यासाठी जीव टाकतात तो ना धड कोमल ना धड शुद्ध असा गंधार. ए पेडल खाली, गुडघा हळूहळू डावीकडे, आणि वर फझ. दोन्ही गंधार म्हटले की आपल्याला जोग आठवतो, पण जोगात चढताना शुद्ध आणि उतरताना कोमल. इथे उलटं, कोमलातून शुद्धात घुसायचं, तेही ढकलून. आठ वर्षं तो लिव्हर मी फक्त एका कॉर्डवरून दुसऱ्या कॉर्डवर सफाईने जायला वापरत होते. ढकलायला नाही.

बाबांना दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर वाजवून दाखवलं, फझ न लावता. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "निषाद अजून लांबव." मी लांबवला. "आता लगेच सा वर येऊ नकोस." आले नाही. माझ्या आजवरच्या कुठल्याही रॉकच्या धड्यात याहून उपयोगी वाक्य मी ऐकलेलं नाही.

जानेवारीत एका ब्रिस्केटच्या दुकानामागच्या अंगणात आमचा कार्यक्रम होता. लाकडाचा धूर, थंडी, पन्नासेक माणसं, त्यातली निम्मी जेवणाच्या रांगेत. दुसऱ्याच गाण्यात तिसरी तार तुटली. ती तुटतेच. सगळ्यात बारीक, ११ हजारांश इंचाची, आणि बी पेडल तिला सारखं ताणतं. बदलायला वेळ नव्हता, पुढचं गाणं तेच, जी मधलं. वरच्या सप्तकातला पंचम गेला, आणि त्याच्याबरोबर माझे सगळे सवयीचे रस्तेही. मी खाली उतरले. दहावी तार ए पेडल दाबून, सा. आठवी, सातवी, सहावी, पाचवी. खालच्या सप्तकात धानी पुरता होता, एक सूर कमी नाही. फझमध्ये त्या जाड तारा कुठल्यातरी मोठ्या जनावरासारख्या गुरगुरत होत्या. निषाद लांबवला. सा वर लगेच आले नाही. चार मात्रा, आठ मात्रा, ड्रमर माझ्याकडे बघायला लागला. मग गुडघा.

रांगेतल्या एका माणसाने ताट हातात घेऊनच मागे वळून बघितलं. गाणं संपल्यावर गिटारवाला एवढंच म्हणाला, "कोणी गेलं नाही आज."

कुणीतरी फोनवर रेकॉर्ड केलं होतं ते मी रात्रीच बाबांना पाठवलं. मिरजेत सकाळ होती. दहा मिनिटांत उत्तर: "स्पीकर फाटलाय का? आवाज फाटका येतोय." गणपतीच्या मांडवातले किती तरी स्पीकर त्यांनी असे फाटलेले ऐकलेत. मी लिहिलं, नाही बाबा, तो मुद्दाम तसा केलाय. त्यावर काहीच नाही. तासाभराने पुन्हा आलं: "धानी बरा आहे. मध्यम चढा लागतोय."

मला पटेना. कार्यक्रमाच्या आधी सगळं लावून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी नवी तार चढवली, सगळं परत जुळवलं, आणि मग एक गोष्ट सुचली. तिसरी तार पूर्ण ढिली केली आणि सातवीवर ट्यूनर लावला. एका तारेचा ताण गेला की गिटारची चौकट जरा सैलावते आणि उरलेल्या तारा किंचित चढतात. काटा उजवीकडे सरकला होता. तीन सेंट.

मी ट्यूनरचा फोटो काढून पाठवला. बाबांनी अंगठा दाखवला, आणि खाली लिहिलं: "स्पीकर बदलून घे पण."